कवीच्या घरातली पत्रे: निवड नंतर, आधी क्रम

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे आजोबा सांगलीकडे शाळेत शिक्षक होते. १९३५ ते १९६० च्या दरम्यान त्यांच्या कविता मासिकांतून येत, दोन संग्रह निघाले, १९६८ मध्ये ते गेले. वाडा दिवाळीपर्यंत रिकामा करायचा आहे आणि माळ्यावर पत्र्याच्या दोन ट्रंका निघाल्या आहेत. त्यांत पोस्टकार्डांचे गठ्ठे, तारेला टोचलेली पत्रे, कवितांच्या वह्या, छापखान्याची प्रुफे, कात्रणे, थोडे फोटो आणि आजींच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. तुम्ही विचारता की नावाजलेल्या साहित्यिकांची पत्रे वेगळी काढून लॅमिनेट करावीत आणि बाकीचे रद्दीत द्यावे, हे बरोबर होईल का. शिवाय आत्यांचे म्हणणे आहे की एक ठरावीक गठ्ठा न वाचता जाळून टाकावा, आणि न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो, सगळे माझ्याकडे द्या, मी नीट सांभाळीन.

लॅमिनेशन करू नका, रद्दीत काही देऊ नका, जाळू नका आणि परदेशी पाठवू नका, एवढे आधी सांगून टाकते. प्रत्येकाची कारणे वेगळी आहेत, ती पुढे येतील. पण मला तुमच्या प्रश्नातला खरा पेच वेगळा वाटतो. कोणते पत्र मोलाचे, हे आज तुम्ही ठरवू शकत नाही, मीही ठरवू शकत नाही, कारण ही पत्रे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे अजून कोणालाच माहीत नाही. ते कळायच्या आत निवड केली, की जोडणी कायमची तुटते.

मी गेली बरीच वर्षे लेखक-कवींच्या घरातले कागद लावण्याचे आणि जतन करण्याचे काम करते. त्यात पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट अशी. एखाद्या मोठ्या संपादकाचे कार्ड असते, त्यावर एवढेच लिहिलेले असते की कविता मिळाली, पुढच्या अंकात घेतो. हे कार्ड वेगळे काढून चौकटीत लावले तर ती फक्त सही. पण त्याच गठ्ठ्यात त्याच्या आधी एखाद्या अनोळखी शिक्षक-मित्राचे पत्र असते: तिसरे कडवे सैल पडले आहे, शेवटची ओळ आधीच्या ओळीचे ओझे वाहते. मग वहीत ती कविता सापडते, तिसऱ्या कडव्यावर आडवी रेघ मारलेली असते आणि समासात नवे कडवे बारीक अक्षरात. प्रुफावर ते नवे कडवे आलेले असते, आणि एक शब्द पुन्हा जुन्यासारखा केलेला असतो. आता त्या दोन ओळींच्या कार्डाला अर्थ आला. आणि या साखळीत सगळ्यात मोलाचा कागद कोणता? त्या अनोळखी मित्राचा, जो तुमच्या बेतात रद्दीत जाणार होता.

मराठी कविता अशा मंडळींच्या आधारानेच वाढली आहे. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ सुरू झाले, त्यातले माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश सगळ्यांना आठवतात. पण रविवारी चहाला एकत्र बसून एकमेकांच्या कविता ऐकणाऱ्यांत श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडेही होते, वि. द. घाटेही होते. बडोद्याहून १९४३ पासून निघालेले ‘अभिरुची’ मासिक पुरुषोत्तम आत्माराम चित्रे घरच्या जिद्दीवर चालवत. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून मजकुराची चर्चा करत, हे त्या पिढीतल्या पुष्कळांनी सांगितले आहे. अशा संपादकांची पत्रे लेखकांच्या घरी असतात, आणि लेखकांची उत्तरे, उरली असली तर, संपादकांकडे. तुमच्या ट्रंकांत जे आहे ते अशाच एका वर्तुळाचा एक भाग आहे. तो लहान असेल, पण तुटका करू नका.

म्हणून पहिले काम क्रम राखण्याचे. ट्रंक उघडल्यावर काही उचलायच्या आधी वरून फोटो काढा. एक थर उचलला की पुन्हा फोटो. ज्या दोऱ्याने गठ्ठा बांधला आहे तो दोरा कोणी बांधला, हे आपल्याला ठाऊक नाही, पण कोणीतरी विचार करून बांधला आहे. आजोबांनी ‘छापखाना’ म्हणून बांधलेल्या गठ्ठ्यात एखादे खासगी पत्र असेल तर ते तिथे का आहे, याचे कारण असू शकते. गठ्ठ्यांना क्रमांक द्या, पण कागदांवर काही लिहू नका. एका चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने लिहून ती गठ्ठ्यावर ठेवा. तारखेनुसार किंवा नावानुसार लावायचा मोह होईल. तो यादीत पुरवा. यादी हवी तशी फिरवता येते, कागद फिरवले की मूळ मांडणी परत मिळत नाही.

तारेला टोचलेल्या पत्रांबद्दल थोडे अधिक सांगते, कारण तिथे सगळ्यात जास्त नुकसान होते. खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि आलेले पत्र वाचून झाले की त्या तारेत खुपसायचे, ही पद्धत घराघरांत होती. म्हणजे सर्वांत खालचे पत्र सर्वांत जुने, आणि तारेवरचा क्रम हा पत्रे हाती आल्याचा क्रम असतो. पत्रावर तारीख नसली तरी खालच्या-वरच्या पत्रांवरून ती अंदाजता येते. लोक घाईत पत्रे वर ओढून काढतात. तार गंजलेली असते, भोकाच्या कडा तांबूस होऊन कुरकुरीत झालेल्या असतात, आणि ओढताना भोकापासून कडेपर्यंत फाटत जाते. त्याऐवजी वरचा आकडा पकडीने सरळ करा, किंवा सरळ होत नसेल तर कापा. तारेवरचा गंज टोकाला मऊ कापडाने पुसून घ्या. मग दोन्ही हातांनी एकेक पत्र आडवेच वर उचला, आणि काढलेल्या क्रमानेच पालथे रचत जा, म्हणजे सगळे सरळ केल्यावर मूळ क्रम मिळतो. वाड्यात आता भिंतींना ओल असेल तर हे काम तिथे करू नका. तार तशीच खोक्यात उभी ठेवून कोरड्या घरी न्या.

टाचण्या, यू-पिना, लोखंडी क्लिपा हे सगळे गंजतात, ते काढायचे, पण टाचलेले कागद एकत्र होते ही नोंद ठेवून. ओढून काढू नका. कागदाच्या मागच्या बाजूने पिनेचे पाय सरळ करून, मध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून हलकेच काढता येतात. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, मधून कडेकडे. पाणी, ओला कपडा, खोडरबर काही नको. त्या काळात टपाल लिहायला फाउंटन पेनची शाई असे आणि कॉपिंग पेन्सिलही असे. कॉपिंग पेन्सिलीचे अक्षर कोरडे असताना साध्या शिसपेन्सिलीसारखे राखाडी दिसते, पण ओलाव्याचा थेंब लागला की जांभळे होऊन पसरते. घामट बोटाचा ठसासुद्धा पुरतो.

लॅमिनेशनला माझा विरोध का, तर त्यात उष्णता आणि चिकट द्रव्य दोन्ही कागदात शिरतात आणि ते परत काढता येत नाही. १९४० च्या दशकातला वर्तमानपत्री दर्जाचा कागद स्वतःच आम्लयुक्त असतो. तो आत बंद झाला की त्याचे पिवळे पडणे आणि भुगा होणे आतल्या आत चालूच राहते. सेलोटेपचेही तेच. दहा-पंधरा वर्षांनी प्लास्टिक सुटते आणि तपकिरी डाग मागे राहतो. फाटलेले पत्र तसेच फाटलेले, पण दोन्ही तुकडे एका घडीत, एवढे पुरे. दुरुस्ती तज्ज्ञाकडून, जपानी टिश्यू (फार पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने होते, आणि ती गरज पडली तर उलटवता येते.

ठेवायला आम्लमुक्त कागदाचे फोल्डर आणि जाड पुठ्ठ्याची खोकी चांगली. ती मिळेपर्यंत पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी सुती चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो, तो आम्लमुक्त आहे ना हे विचारून घ्या. पत्र्याची ट्रंक मी सरसकट वाईट म्हणणार नाही. इतकी वर्षे वाळवी आणि उंदीर आत गेले नाहीत, ते तिच्यामुळेच. मात्र पावसाळ्यात तिच्यात दमट हवा कोंडते, आतून गंज धरतो आणि तळाचा थर ओलसर होतो. कपाटात, भिंतीपासून थोडे दूर, जमिनीपासून निदान वीतभर उंच ठेवा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका. वेखंडाची पुरचुंडी ठेवायची जुनी रीत आहे, ती हवी तर ठेवा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. महिन्यातून एकदा खोके उघडून बघणे याला पर्याय नाही. कसर लागली तर सुरुवात चिकट खळ असलेल्या पाकिटांपासून होते, म्हणून पाकिटे आधी तपासा.

पाकिटे फेकू मात्र नका! किती तरी पत्रांवर लिहिणारा फक्त ‘गुरुवार, रात्र’ लिहितो, आणि तारीख सांगतो तो टपालाचा शिक्का. शिक्का पुसट असला तरी तिकीट बोलते. सहाव्या जॉर्जचे डोके असेल तर १९३७ किंवा त्यानंतरचे. आंतरदेशीय पत्राची निळी घडी असेल तर १९५० च्या आधीचे असू शकत नाही. तिकिटावर ‘नये पैसे’ असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचे. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, म्हणजे आजोबांच्या पश्चात आजींना आलेले, आणि ती पत्रे तर मुद्दाम बघा, कारण कवी गेल्यावर त्याच्या मित्रांनी घराशी नाते ठेवले की नाही हे त्यांतूनच कळते. वर शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवा, आणि महिना पौष-माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवायचे की काय हे पंचांगावरून पडताळा. मायनाही वाचा. ‘रा. रा.’ पासून सुरू झालेला पत्रव्यवहार ‘प्रिय’ वर आणि मग नुसत्या घरच्या नावावर कधी येतो, तिथे दोन माणसांची ओळख मैत्रीत बदललेली असते.

आता आजींच्या वह्या. तुम्ही त्या यादीत सर्वांत शेवटी लिहिल्या आहेत, मी त्या सर्वांत आधी कोरड्या जागी हलवीन. जमाखर्चाच्या वहीत तारीख पक्की असते. चहा, साखर, टांग्याचे भाडे, तिकिटे, तार, पाहुण्यांसाठी आणलेले आंबे, कागदाचे दस्ते, छापखान्याला दिलेले आगाऊ पैसे. ‘परवा आपल्याकडे आलो तेव्हा’ असे तारीख नसलेले पत्र एखाद्या पाहुण्याच्या नोंदीशी जुळले की तारीख मिळते. संग्रह छापायला घरातून किती पैसा गेला आणि त्यासाठी काय मोडले, हे कवितेच्या वहीत नसते, ते इथे असते. कवीच्या घराचा इतिहास लिहिताना आपण स्त्रियांचे कागद फार सहज बाजूला टाकले आहेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या लिखाणामुळे आपल्याला रेव्हरंड टिळकांचे घर, तिथे मुलासारखे राहिलेले बालकवी, सगळे दिसते. त्या घरातही पुढच्या दोन पिढ्यांनी, मुलगा देवदत्त आणि नातू अशोक टिळक यांनी, कागद आणि माहिती सांभाळली म्हणून नंतर ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती निघू शकली. हे काम घरातल्या माणसांनीच करण्यासारखे होते, कारण कोण कोणाला काय म्हणत असे ते घरालाच ठाऊक.

तुमच्याकडे ते ठाऊक असलेल्या एकच व्यक्ती आता आहेत: तुमच्या आत्या. पत्रांत ‘तात्या’, ‘बापू’, ‘आपले मास्तर’, ‘पलीकडचे अण्णा’ अशी नावे असतील. त्यांपैकी कोण कुठले, हे आज त्यांना विचारले नाही तर नंतर कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून वाडा रिकामा करण्याच्या धांदलीतही रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. प्रश्नावली घेऊन बसू नका. एक पत्र किंवा एक फोटो त्यांच्या हातात द्या, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांची परवानगी घेऊन, आणि त्यांना बोलू द्या. गट-फोटोतल्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, वेगळ्या कागदावर. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले की दाब पुढे उमटतो.

याच ओघात त्यांच्या त्या गठ्ठ्याचा विषय निघेल. त्यांची भीती मी खरी मानते. त्यांनी त्या घरात दिवस काढले आहेत, त्या पत्रांत काय असू शकते याचा त्यांना अंदाज आहे, आणि ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांची मुले आज हयात असतील. त्यांना ‘हा साहित्याचा ठेवा आहे’ असे सांगून गप्प करू नका. दुसरा मार्ग सुचवा: गठ्ठा न उघडता जाड कागदात गुंडाळायचा, लाखेने किंवा सही करून बंद करायचा, वर लिहायचे की अमुक सालापर्यंत उघडू नये. पंचवीस-तीस वर्षांची मुदत संस्था मान्य करतात, करारात तसे कलम घालता येते. जाळल्याने निर्णय कायमचा होतो, मुदत घातल्याने तो पुढच्या पिढीवर सोपवता येतो. माझा अनुभव असा, की गठ्ठा आपल्या शब्दाबाहेर उघडला जाणार नाही याची खात्री पटली की वडीलधारी माणसे बहुधा तयार होतात. तरीही त्या नाहीच म्हणाल्या, आणि ती पत्रे त्यांना स्वतःला आलेली असतील, तर तो अधिकार त्यांचा आहे. तिथे मी आग्रह धरणार नाही.

कवी अनिल आणि त्यांच्या पत्नी, लेखिका कुसुमावती देशपांडे यांचे उदाहरण याच संदर्भात आत्यांना सांगण्यासारखे आहे. लग्नाआधीच्या काळातली त्या दोघांची पत्रे ‘कुसुमानिल’ म्हणून १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. कुसुमावती १९६१ मध्ये गेल्या होत्या. ती पत्रे इतकी खासगी, पण ती प्रसिद्ध करायचा निर्णय त्या नात्यातल्याच माणसाने, पुष्कळ काळ जाऊ देऊन घेतला. आणखी एक गोष्ट तिथे घडली जी फार क्वचित घडते: दोघांचा संसार एक झाला म्हणून दोन्ही बाजूंची पत्रे एका घरात आली. एरवी पत्रव्यवहाराचा नेहमीच अर्धा भाग आपल्याकडे असतो. तुमच्या ट्रंकेत आजोबांना आलेली पत्रे आहेत, आजोबांनी लिहिलेली नाहीत. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे आज खंडांच्या रूपाने वाचता येतात, ती ज्यांना आली त्यांनी जपली म्हणून. त्यांतल्या पहिल्याच खंडात सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत, आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे निराळ्या पुस्तकातून नंतर आली.

यादी करताना काही जागा रिकाम्या दिसतील. एखाद्या वर्षाची पत्रेच नसतील, किंवा घरातल्या कोणाच्या मृत्यूचा उल्लेख पुढच्या सांत्वनाच्या पत्रात येतो पण मूळ बातमीचे कार्ड सापडत नाही. अशुभ वार्तेचे कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती, ते घरात ठेवत नसत. गांधीहत्येनंतर झालेल्या १९४८ च्या जळितात तुमच्या भागातल्या अनेक घरांची दप्तरे गेली. पुण्यात राहणाऱ्या मित्रांकडचे कागद १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले असू शकतात. रिकामी जागाही यादीत नोंदवा आणि कारण ठाऊक असेल तर लिहा, म्हणजे पुढचा अभ्यासक पत्रव्यवहार थांबला म्हणजे भांडण झाले असा तर्क करणार नाही.

यादी साधीच ठेवा. गठ्ठा क्रमांक, कागद क्रमांक, लिहिणारा, कोणाला, कुठून, पत्रावरची तारीख, शिक्क्यावरची तारीख, पहिली ओळ, आणि शेरा. पहिली ओळ मी नेहमी लिहिते, कारण तारीख-नाव नसलेले पत्र पुन्हा ओळखायला तीच उपयोगी पडते. मागच्या बाजूला काही असेल तर शेऱ्यात लिहा. कवी लोक हाताला लागेल त्या कागदावर लिहितात. लग्नपत्रिकेच्या पाठीवर, परीक्षेच्या पेपरच्या कोऱ्या बाजूवर, आलेल्या पत्राच्याच रिकाम्या जागेत ओळी असतात, आणि पहिला खर्डा अनेकदा तोच असतो. म्हणून फोटो काढतानाही दोन्ही बाजू, पाकीट, आणि कोऱ्या वाटणाऱ्या बाजूही. स्कॅनर असेल तर ४०० डीपीआय, नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात फोन स्थिर ठेवून, फ्लॅश न वापरता. फायलीचे नाव यादीतल्या क्रमांकाप्रमाणे. प्रती तीन ठिकाणी ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. चुलतभावाला त्यातली एक संपूर्ण प्रत द्या, आणि शक्य असेल तर यादी टंकित करण्याचे काम त्याच्याकडेच सोपवा. दूर बसून ते उत्तम होते.

मूळ कागद मात्र त्याच्याकडे पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोल असलेली, ७५ वर्षे किंवा त्याहून जुनी हस्तलिखिते आणि कागदपत्रे पुरावस्तू ठरतात आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमची निम्मीअधिक पत्रे त्या मर्यादेत येतील. त्यापलीकडचा विचारही आहे. मुंबईच्या कवींचे, विशेषतः आदिल जस्सावाला यांचे, कागद आज अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात आहेत. तिथे ते उत्तम राखले जातात, सूची होते, हे मी आनंदाने मान्य करते. पण तुमच्या आजोबांवर कोणी काम करील तर ते सांगली, कोल्हापूर, पुणे इथलेच कोणी करील, आणि त्याला एसटीने किंवा रेल्वेने पोचता येईल अशा जागी हे कागद हवेत.

ती जागा कोणती, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, नागपूरला विदर्भ साहित्य संघ ही शंभर वर्षे ओलांडलेली नावे. दिल्लीत पूर्वीचे नेहरू स्मारक, म्हणजे आताचे पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय, खासगी कागदपत्रांचा मोठा साठा सांभाळते. याखेरीज विद्यापीठांचे मराठी विभाग आणि तुमच्या गावाजवळचे एखादे जुने वाचनालय. नाव बघून ठरवू नका. प्रत्यक्ष जा आणि विचारा: याआधी आलेला एखादा संग्रह दाखवाल का? तो एकत्र ठेवला आहे की पुस्तके इकडे, फोटो तिकडे अशी फाटाफूट झाली? सूची आहे का? वाचायला बसायला जागा आणि काढून द्यायला माणूस आहे का? वाळवीचा बंदोबस्त कोण बघते? उत्तरे गुळमुळीत आली तर घाई करू नका. दोन वर्षे कागद तुमच्याच कपाटात, यादीसह, नीट राहिले तर काही बिघडत नाही. आणि देताना तोंडी देऊ नका. यादी जोडलेले दानपत्र करा, त्यात संग्रह मोडला जाणार नाही, बंद गठ्ठ्याची मुदत, डिजिटल प्रती कोणी कशा वापरायच्या, आणि संस्थेला सांभाळणे जमले नाही तर कागद कोणाकडे जातील, हे सगळे लिहा. आजोबांचे वारस जितके आहेत तितक्यांच्या सह्या घ्या, नाहीतर पुढे एखादा भाऊबंद उठतो आणि संस्था कागद कुलपात घालून ठेवते.

राहिला प्रकाशनाचा मुद्दा. तुम्ही शेवटी लिहिले आहे की निवडक पत्रांचे पुस्तक काढायची इच्छा आहे. इथे दोन हक्क वेगळे आहेत. आलेल्या पत्राचा कागद तुमचा, त्यातला मजकूर लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. लेखकाच्या हयातीत छापलेल्या लिखाणावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतो. कवी बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुल्या आहेत. तुमच्या आजोबांच्या छापील कवितांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत वारसांकडे राहील. पण जे लिखाण लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होते, त्याची ६० वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. अप्रकाशित पत्रे त्यात येतात, म्हणून लिहिणारा कधीच गेला असला तरी परवानगीचा प्रश्न उरतोच. सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेल्या अप्रकाशित लिखाणाबाबत, लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षे झाली असतील तर, कायद्यात सवलत आहे. ती तुमच्या बाबतीत लागू होते का, हे वकिलाला दाखवून घ्या.

कायद्याने मागितली नसती तरी ही परवानगी मी मागायला सांगितली असती, आणि त्याचे कारण वर आलेच आहे: उरलेला अर्धा पत्रव्यवहार त्यांच्याच घरी आहे. यादी झाली की ज्यांची पत्रे जास्त आहेत अशा सात-आठ जणांची घरे शोधा. जुना पत्ता, गावातले वाचनालय, ते ज्या शाळेत किंवा कॉलेजात होते तिथले जुने कर्मचारी, यांतून पुष्कळदा माग लागतो. पहिल्याच पत्रात परवानगी मागू नका. त्यांच्या आजोबांनी तुमच्या आजोबांना लिहिलेल्या एका पत्राची स्वच्छ प्रत पाठवा, कोणत्या गठ्ठ्यात मिळाले ते लिहा, आणि विचारा की आमच्या आजोबांचे अक्षर तुमच्याकडे कुठे आहे का. अक्षर ओळखता यावे म्हणून त्यांच्या हस्ताक्षरातल्या एका पानाचा फोटोही जोडा. उत्तर आले, तर त्यांची पत्रे हलवायला सांगू नका, फोटो आणि तारखा मागवा, आणि दोन्ही घरांचे कागद एकाच यादीत तारखेने लावा. पुस्तकात काय घ्यायचे याची चर्चा त्यानंतर, त्या घरांना सोबत घेऊन करा.